एमिल आणि सातवीचा वर्ग

शाळेत विनोद शिकवता येतो काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. कारण विनोद हा मधल्या सुट्टीतला आणि फार तर स्नेहसंमेलनातला विषय आहे, वर्गात त्याला प्रवेश द्यायचाच झाला तर तो एखाद्या पाठापुरता द्यावा, असा समज शिक्षकांच्या, पालकांच्या आणि पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्यांच्याही मनात खोल रुजून बसलेला आहे. या समजाचा परिणाम असा की, मराठी भाषेला विनोदाची एवढी समृद्ध परंपरा लाभलेली असूनही, दहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींनी एक अखंड विनोदी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, काही आठवडे, शिक्षकांच्या सोबतीने वाचली आहे, असे दृश्य आपल्या शाळांत दुर्मीळ आहे. मुलांच्या वाट्याला येतो तो वेचा. त्या वेच्याखाली शब्दार्थ येतात, टिपा येतात, आणि शेवटी पाठातील विनोदी प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची आज्ञा येते.

वेच्याने कवितेचे फारसे बिघडत नाही, निबंधाचेही निभावून जाते. पण विनोदी कादंबरीचा वेचा काढला की तिचा प्राणच जातो, याचे कारण त्या वाङ्मयप्रकाराच्या घडणीत आहे. चुटक्यातील हसू क्षणात उमटते आणि संपते. कादंबरीतील हसू साठत जाते. पहिल्या प्रकरणात केलेली खोडी मुलाला सहाव्या प्रकरणात अडचणीत आणते, चौथ्या प्रकरणात सहज उल्लेखिलेली क्षुल्लक वस्तू चौदाव्यात त्याची सुटका करते, आणि ज्या वाचकाने ती खोडी व ती वस्तू ध्यानात ठेवलेली असते त्यालाच पुढचे हसू लाभते. म्हणजे विनोदी कादंबरी वाचणे हा स्मरणाचा, अनुमानाचा आणि कार्यकारणभावाचा अभ्यास आहे. फक्त तो करताना मुलांना अभ्यास केल्याची जाणीव होत नाही. हे म्हणणे सिद्ध करण्यासाठी मी येथे एकच पुस्तक घेणार आहे. शंभराच्या घरात आलेले हे पुस्तक जर्मनीतील वर्गांत आजही वाचले जाते आणि शिक्षणाविषयी स्वतःच एक फार मोलाचा प्रश्न विचारते. ते म्हणजे एरिश केस्टनर यांचे ‘एमिल आणि गुप्तहेर’.

केस्टनर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८९९ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. वडील एमिल केस्टनर हे खोगीर करणारे कसबी कारागीर. यंत्रयुगाच्या रेट्यात स्वतंत्र धंदा बसला आणि त्यांना कारखान्यात मजुरी पत्करावी लागली. आई ईडा हिने संसाराला हातभार म्हणून पस्तिशीच्या सुमारास केशभूषेचे काम शिकून घेतले आणि घरातच गिऱ्हाइकांचे केस धुण्याचा, विंचरण्याचा व्यवसाय मांडला. घरातील एक खोली भाड्याने दिलेली असे आणि भाडेकरू बहुधा शाळामास्तर असत. त्यांच्या वह्या, त्यांची लाल शाई आणि त्यांचे संभाषण यांच्या सहवासात वाढलेल्या या मुलाने आपणही शिक्षक व्हायचे असा निश्चय केला आणि १९१३ साली तो ड्रेस्डेनच्या अध्यापक विद्यालयात दाखल झाला. पण त्या विद्यालयात अध्यापनापेक्षा कवायतीचे महत्त्व अधिक होते. आज्ञापालन करणारे शिक्षक तयार करावेत आणि त्यांनी आज्ञापालन करणारे नागरिक तयार करावेत, असा तेथील कारभार होता. १९१७ साली सैन्यात भरती होण्याची सक्ती झाली आणि एका सार्जंटाच्या निर्दय कवायतीने त्यांचे हृदय कायमचे अधू झाले. परत आल्यावर त्यांनी शिक्षकी पेशाचा मार्ग सोडला, लाइपझिग विद्यापीठात साहित्याचा अभ्यास करून १९२५ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९२७ साली ते बर्लिनला येऊन पत्रकारिता करू लागले.

१९५७ साली लिहिलेल्या बालपणाच्या आठवणींत केस्टनर यांनी लेहमान नावाच्या एका शिक्षकाचे चित्र काढले आहे. हे गृहस्थ अत्यंत कर्तव्यदक्ष होते, त्यांच्या वर्गात मुले पुष्कळ शिकत, पण ती भीतीपोटी शिकत. त्यांच्या हातातील छडीला विश्रांती नसे आणि वर्गात हसण्याची प्राज्ञा कोणाची नसे. याच मास्तरांनी एकदा छोट्या एरिशला एल्बेकाठच्या डोंगरांत सहलीला नेले आणि तेथे, दगडांच्या आणि वनस्पतींच्या सान्निध्यात, त्यांच्या ज्ञानाची आणि एकाकीपणाची दुसरी बाजू त्या मुलाला दिसली. तो मनुष्य वाईट नव्हता; त्याला मुलांबरोबर हसता येत नव्हते, आणि एवढ्या एका उणिवेने त्याच्या सर्व विद्वत्तेचे वर्गात ओझे झाले. केस्टनर यांचे बालसाहित्य या अनुभवातून आले आहे, असे मला निश्चितपणे वाटते. जो मनुष्य स्वतः शिक्षक होता होता राहिला, त्याने मुलांसाठी लिहिताना आयुष्यभर एकच पथ्य पाळले: मुलांना शिकवायचे ते त्यांना घाबरवून नव्हे, आणि त्यांना मूर्ख समजून तर मुळीच नव्हे.

‘एमिल’ १९२९ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिण्याची सूचना केली ती एडिथ याकोबसोन या प्रकाशिकेने. पती झीगफ्रीड याकोबसोन यांच्या निधनानंतर ‘वेल्टब्यूने’ या नियतकालिकाशी संबंध राखून असलेल्या या कर्तबगार बाईंना केस्टनर यांच्या उपरोधिक कविता ठाऊक होत्या, आणि असा कवी मुलांसाठी चांगले लिहील हे त्यांनी ओळखले. चित्रे काढली ती प्रागमध्ये जन्मलेल्या वाल्टर ट्रिअर यांनी. त्यांचे मुखपृष्ठ आज जर्मनीत मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात: सगळा रस्ता पिवळाधमक, जवळजवळ निर्मनुष्य, त्यावरून एक टोपीवाला गृहस्थ पाठमोरा चालला आहे आणि जाहिरातींच्या गोल खांबाआडून दोन मुले त्याच्यावर नजर ठेवून आहेत. पुस्तक उघडण्यापूर्वी या चित्रावर पंधरा मिनिटे खर्च करणारा शिक्षक वेळ वाया घालवीत नाही. कारण कोण कोणाला पाहतो आहे, कोणाला ते ठाऊक आहे आणि कोणाला नाही, या तीन प्रश्नांत सबंध कादंबरीचे कथानक सामावलेले आहे.

कथानक साधे आहे. नॉयश्टाट या लहान गावातील एमिल टिशबाइन हा मुलगा बर्लिनला आजीकडे निघाला आहे. वडील तो पाच वर्षांचा असतानाच वारले. आई घरी बायकांचे केस धुऊन संसार चालवते. तिने पै पै करून साठवलेले १४० मार्क, म्हणजे १२० आजीला देण्यासाठी आणि २० त्याच्या खर्चासाठी, एका पाकिटात घालून त्याच्या हवाली केले आहेत. एमिल गाडीच्या संडासात जाऊन ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो आणि नोटांसकट ते कोटाच्या अस्तराला टाचणीने टाचून टाकतो. डब्यात ग्रुंडआइस नावाचा गृहस्थ आहे. एमिलला झोप लागते, तो जागा होतो तेव्हा गृहस्थही नाही आणि रक्कमही नाही. आजी आणि मावसबहीण पोनी एका स्थानकावर वाट पाहत असताना एमिल चोराच्या मागे भलत्याच स्थानकावर उतरतो. आणि मग भोंगा वाजवीत फिरणारा गुस्टाव, चष्मेवाला ‘प्रोफेसर’ आणि त्यांची मित्रमंडळी मिळून या अनोळखी महानगरात त्या चोराचा पाठलाग सुरू करतात.

आता प्रश्न असा की, चोरी झाल्यावर एमिल सरळ पोलिसांकडे का जात नाही? हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि त्याचे उत्तर म्हणजे कादंबरीतील विनोदाचा पाया आहे. गावच्या चौकात ग्रँड ड्यूक कार्ल यांचा पुतळा आहे. मुलांनी त्याच्या डोक्यावर एक जुनी टोपी चढवली, आणि एमिलची चित्रकला चांगली म्हणून इतरांनी त्याला उचलून धरले व त्याने सरकारांच्या चेहऱ्यावर लाल नाक आणि काळ्याभोर मिशा रंगवल्या. तेवढ्यात हवालदार येश्के चौकात आले. मुले पळाली, पण आपल्याला ओळखले असावे ही धास्ती एमिलच्या मनात घर करून राहिली. आपण स्वतःच गुन्हेगार आहोत, तेव्हा फिर्यादी म्हणून चावडीवर उभे कसे राहायचे, हा त्याचा पेच आहे. वाचकाला ठाऊक असते की मिशा रंगवण्याचा गुन्हा तो काय. एमिलला ते ठाऊक नसते. या दोन जाणिवांमधील अंतरात हसू उत्पन्न होते, आणि त्याच अंतरातून कथानक पुढे सरकते. पुतळ्याच्या मिशा गाळल्या तर एमिल पहिल्याच स्थानकावर पोलिसाला गाठेल आणि कादंबरी तेथेच संपेल. विनोद हा कथेवर वरून लावलेला अलंकार नसून कथेचे कारणच आहे, हे मुलांच्या ध्यानात आणून देण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुण्यात जर्मन शिकण्या-शिकवण्याची परंपरा जुनी आहे; अनेक शाळांत आठवीपासून तो विषय घेता येतो, आणि त्या वर्गांतून गेलेल्या कित्येकांच्या कपाटात एमिलची एखादी प्रत असते. अशाच एका शिक्षिकेने हे पुस्तक सातवीच्या मराठी माध्यमाच्या वर्गासमोर ठेवले, तो तास मला मागच्या बाकावर बसून पाहता आला. मुलांच्या हातात पुस्तक नव्हते. बाई जर्मन पान समोर धरून मराठीत सांगत होत्या आणि ऑफ तासांची सांगड घालून त्यांनी हा उपक्रम चालवला होता. त्या दिवशी बँकेचे प्रकरण होते. चोर एक शंभराची आणि दोन विसाच्या नोटा मोडून घेण्यासाठी खिडकीशी उभा आहे, मुलांनी त्याला घेरले आहे, आणि अधिकारी एमिलला विचारतो आहे की हे पैसे तुझेच कशावरून. येथे बाईंनी पान मिटले आणि वर्गाला विचारले, “आता तुम्ही एमिलच्या जागी आहात. जबानी द्या. पुरावा काय?”

पुढची दहा मिनिटे मला फार मोलाची वाटली. एका मुलाने नोटांचे क्रमांक सांगावेत असे सुचवले. दुसऱ्याने लगेच हरकत घेतली की, एमिलने ते लिहून घेतल्याचे कोठेच आलेले नाही. आईच्या हाताला साबणाचा वास असतो, तो नोटांना लागला असेल, असे एकीने सांगितले, तेव्हा वर्ग हसला, पण बाईंनी तो तर्क फळ्यावर लिहिला. मग खिडकीजवळच्या रांगेतून एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, टाचणी!” क्षणभर शांतता झाली, आणि नंतर वर्गात जो कल्लोळ उसळला त्यात आनंद, चरफड आणि हसू यांचा एकत्र उद्रेक होता, कारण ती टाचणी सर्वांनीच ऐकलेली होती आणि सर्वच विसरले होते. एका मुलाने वहीचा कागद फाडून त्याला टाचणी टोचली व तो उजेडासमोर धरून शेजाऱ्याला भोक दाखवले. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तो कागद मागवून घेतला, सर्व रांगांतून फिरवला आणि वर्गाकडून पंचनामा लिहून घेतला: मुद्देमाल कोणता, खूण कोणती, ती कोणी केली, केव्हा केली, आणि तिच्यावरून काय सिद्ध होते. हे पाच मुद्दे क्रमवार आणि नेमक्या शब्दांत मांडणारे ते अर्ध्या पानाचे लेखन त्या मुलांच्या वर्षभराच्या निबंधलेखनापेक्षा सरस होते, असे बाईंनीच मला नंतर सांगितले.

या तासात बाईंनी काय केले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी विनोद समजावून सांगितला नाही. ग्रुंडआइस गाडीत एमिलला थापा मारतो, की बर्लिनमध्ये घरे एवढी उंच आहेत की ती आकाशाला बांधून ठेवावी लागतात, आणि पैसे नसले तर बँकेत आपला मेंदू गहाण ठेवून कर्ज मिळते. या ठिकाणी ‘ही अतिशयोक्ती आहे’ असे सांगून मोकळे होणे कोणत्याही शिक्षकाला सुचेल. पण बाईंच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी तेथे फक्त एवढेच विचारले होते की, हा मनुष्य एका अनोळखी मुलाला अशा थापा का मारीत असेल. थोड्या वेळाने उत्तर आले, की तो मुलगा किती भोळा आहे हे तो अजमावून पाहतो आहे. गमतीच्या आड दडलेला हेतू ओळखणे हे वाचनाचे वरच्या पायरीचे कौशल्य आहे. आणि व्याख्या पाठ करून ते येत नाही.

विनोदी पुस्तकाला खोली नसते, अशी समजूत असणाऱ्यांनी या कादंबरीतील दोन जागा अवश्य पाहाव्यात. पहिली जागा पैशाची. रात्री पाळतीवर असताना एमिल आणि प्रोफेसर यांचे घरच्यांविषयी बोलणे निघते. प्रोफेसराचे वडील प्रतिष्ठित वकील. त्यांच्या घरी पैशाचा विषय सहसा निघत नाही. त्यावर एमिल सरळ अनुमान काढतो, की मग तुमच्याकडे तो पुष्कळ असला पाहिजे. मुले येथे हसतात, आणि हसल्यानंतर काही मुले गप्प होतात; कारण कोणाच्या घरी महिनाअखेर पैशाचा विषय निघतो आणि कोणाच्या घरी निघत नाही, हे आपापल्या परीने प्रत्येक मुलाला ठाऊक असते. एमिल हा आज्ञाधारक मुलगा आहे, पण कोणाच्या धाकाने नव्हे. आई आपल्यासाठी किती राबते हे त्याला दिसते, म्हणून तसे वागायचे त्याने स्वतः ठरवले आहे. श्रम, दारिद्र्य आणि स्वाभिमान यांच्यावरचे प्रवचन ज्या मुलाला एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडता येते, त्याला हे संभाषण सोडता येत नाही. याच पाठलागाच्या ओघात मुलांच्या सभेत आणखी एक वाद उपस्थित होतो: चोराकडून आपलेच पैसे गुपचूप काढून घेतले तर ती चोरी ठरेल काय? सभा या निष्कर्षाला येते की, गुपचूप उचलणारा चोरच, मग माल मुळात कोणाचाही असो. या प्रश्नावर वर्ग सहज दुभंगतो आणि तासभर भांडतो, आणि त्या भांडणात न्यायशास्त्राची मुळाक्षरे गिरवली जातात.

दुसरी जागा छोट्या डीनस्टागची. टोळीतला हा सर्वांत लहान मुलगा. सर्वांना पाठलागाला जायचे असते. पण निरोप घेण्यासाठी कोणीतरी घरच्या दूरध्वनीजवळ बसणे आवश्यक असते, आणि ते काम त्याच्या वाट्याला येते. तो बसून राहतो. चोर पकडला जातो तेव्हा शंभरएक मुलांची मिरवणूक त्याच्यामागे चालत असते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, आणि डीनस्टाग यातल्या कशातच नसतो. शेवटी सर्व मंडळी आजीच्या घरी जमतात, तेव्हा आजी उभी राहते आणि सर्वांचे कौतुक करून सांगते की, सर्वांत मोठी शाबासकी मात्र या मुलाची आहे. कारण ज्याला जावेसे वाटत होते तरी जो कर्तव्य म्हणून बसून राहिला, तो हा. प्रत्येक वर्गात असा एखादा मुलगा असतो, ज्याला खेळात कोणी घेत नाही किंवा जो सामानावर लक्ष ठेवायला बसतो. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे, हे प्रकरण सांगताना, शिक्षकाने मुद्दाम पाहू नये. त्याचे त्याला कळलेले असते.

आणि आता ज्या प्रश्नाचा मी आरंभी उल्लेख केला तो. कादंबरीचे अठरावे आणि शेवटचे प्रकरण अशा प्रश्नानेच सुरू होते, की या सगळ्यापासून काही शिकता येईल काय. प्रकरणाचे शीर्षकच ते आहे. आपल्या वर्गांतील ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न केस्टनर यांनी आपल्या कादंबरीच्या अखेरीस प्रत्यक्ष पात्रांच्या तोंडी घातला. एमिल म्हणतो की, कोणावर विश्वास ठेवू नये हे मी शिकलो. आई म्हणते की, मुलांना एकटे प्रवासाला पाठवू नये.  पण आजी ती दोन्ही उत्तरे उडवून लावते आणि आपले तात्पर्य सांगते: पैसे नेहमी मनीऑर्डरने पाठवावेत.

आपल्याकडील श्रोत्यांना हा विनोद समजावून द्यावा लागत नाही. भारतीय टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केल्यापासून कोकणातील आणि घाटावरील किती घरे मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेल्या रकमेवर चालली, पोस्टमनची वाट पाहणे हा किती आयांचा महिन्याचा नेम होता, हे ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकले आहे त्यांना या आजीचा व्यवहारी शहाणपणा ताबडतोब पटतो. पण विनोद केवळ व्यवहाराचा नाही. एमिलचे उत्तर घ्या. कोणावर विश्वास ठेवू नये, हे या कथेचे तात्पर्य होऊच शकत नाही. कारण ट्राममध्ये खिशात दमडी नसताना त्याचे तिकीट एका अनोळखी गृहस्थाने काढले, अनोळखी मुलांनी त्याच्यासाठी आपल्या खिशातील नाणी एकत्र केली, आणि त्या विश्वासावरच त्याची रक्कम परत मिळाली. आईचे उत्तरही टिकत नाही. मुलगा एकटा गेला म्हणूनच एवढे मित्र मिळाले. आजी ती उत्तरे फेटाळते तेव्हा ती गंमत करीत असते, आणि त्याच वेळी वाचकाला कथेकडे परत पाठवीत असते. जे तात्पर्य कथेतील प्रत्येक प्रसंगाशी ताडून पाहिल्यावर टिकत नाही ते तात्पर्यच नव्हे, ही आकलनाची सर्वांत महत्त्वाची कसोटी तिने हसत हसत मुलांच्या हाती दिली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, विनोदी कादंबरी शिकवताना तात्पर्याचा प्रश्न वर्ज्य करू नये, पण तो शेवटी विचारावा आणि त्याचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. मुलांनी उत्तरे द्यावीत, प्रत्येक उत्तर कथेतील प्रसंगांशी ताडून पाहावे, आणि जी गळतील ती गळू द्यावीत. आपल्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ या सदराखाली जे अपेक्षित असते ते खऱ्या अर्थाने येथे घडते. एरवी स्वमताची उत्तरेही मार्गदर्शकातून पाठ केली जातात, हे आपण सर्वजण जाणतो.

या पुस्तकाच्या भोवतालचा इतिहास मुलांना सांगावा काय, याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात नाझींनी पुस्तकांची होळी केली, तेव्हा केस्टनर यांची पुस्तके त्यात होती आणि आपले नाव पुकारले जाताना गर्दीत उभे राहून ते स्वतः ऐकत होते. ‘एमिल’ एवढे लोकप्रिय होते की प्रथम त्याला वगळण्यात आले. पुढे तेही बंदीच्या यादीत गेले. वाल्टर ट्रिअर हे ज्यू असल्याने १९३६ साली त्यांना लंडनला आश्रय घ्यावा लागला. १९३१ साली या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटाची पटकथा तरुण बिली वाइल्डर यांनी लिहिली होती; त्यात एमिल आणि डीनस्टाग झालेली दोन्ही मुले मोठी होऊन १९४२ साली युद्धात मारली गेली. माझ्या मते हे सर्व सांगावे, पण कादंबरी संपल्यावर सांगावे आणि सातवीपेक्षा लहान मुलांना सांगण्याची घाई करू नये. ज्या मुलांनी त्या टोळीबरोबर हसत हसत तीन आठवडे काढलेले असतात, त्यांना पुस्तके जाळणारी राजवट नेमके काय जाळत होती हे सनावळीने सांगावे लागत नाही. सर्व मुलांनी स्वतः सभा भरवावी, स्वतः नियम ठरवावेत, मतभेद झाला तर वाद घालून निर्णय करावा, आणि मोठ्यांच्या पुतळ्याला मिशा काढाव्यात, ही वृत्ती त्या राजवटीला मानवणारी नव्हती. पुढे एका भाषणात केस्टनर यांनी शाळेत प्रथम पाऊल टाकणाऱ्या मुलांना उपदेश केला, तोही याच जातीचा: शिक्षकाच्या मेजाला सिंहासन समजू नका आणि व्यासपीठही समजू नका, व पाठ्यपुस्तकावरही अधूनमधून संशय घ्या. १९६० साली त्यांना हान्स क्रिस्तियन अँडरसन पदक मिळाले, आणि आज जर्मनीत त्यांच्या नावाच्या शाळा गावोगावी आहेत.

आपल्या घरीही या कामासाठी सामग्री आहे, आणि हे मी परक्या पुस्तकाचा गौरव करून आपल्याला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो, तेव्हा लहान गावातून शहरात आलेल्या मुलाची सतर्कता आणि हजरजबाबीपणा एमिलच्याच जातीचा असतो. ही पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटात आहेत, दूरदर्शनच्या मालिकांमुळे एका पिढीच्या स्मरणातही आहेत; वर्गात मात्र ती स्थूलवाचनाच्या चार पानांपलीकडे क्वचितच पोहोचतात.

मग शिक्षकाने करावे काय? परिपत्रकाची वाट पाहू नये. पुस्तक स्वतः आधी पुरते वाचावे आणि जेथे आपल्याला हसू आले त्या जागी पेन्सिलीने खूण करावी. कारण ज्याला स्वतःला हसू आले नाही त्याने ते मुलांना वाचून दाखवू नये. मोठ्याने वाचावे, रोज एक प्रकरण, आणि उत्कंठेच्या जागी थांबावे. विनोदाची फोड करू नये. त्याऐवजी हे पात्र असे का बोलले, याला काय ठाऊक आहे आणि आपल्याला काय ठाऊक आहे, एवढेच विचारावे. लेखन द्यायचे झाले तर पंचनामा द्यावा, जबानी द्यावी, आजीचे पत्र द्यावे, ज्यात नेमकेपणाची गरज पडते. केस्टनर यांनी आपल्या प्रास्ताविकात सांगितले आहे की, ते आधी दक्षिण समुद्रावरील अद्भुत कादंबरी लिहायला बसले होते आणि देवमाशाला पाय किती असतात येथेच अडले. तेव्हा ओळखीच्या एका उपाहारगृहातील वाढप्याने त्यांना, जे ठाऊक आहे त्यावर लिहा, असा सल्ला दिला. हा सल्ला मुलांच्या निबंधवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. आणि या पुस्तकावर गुण देऊ नयेत. निदान या एका पुस्तकावर तरी नको.

अठरा प्रकरणे, रोज एक, म्हणजे शाळेचे साडेतीन आठवडे. दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होते तेव्हा परीक्षा दूर असते, थंडीने वर्ग प्रसन्न असतात आणि अभ्यासक्रमाचा तगादाही काहीसा सैल असतो. ते साडेतीन आठवडे एमिलला, गोट्याला किंवा बनेशला द्यावेत, अशी माझी शिक्षकबांधवांना आणि भगिनींना कळकळीची विनंती आहे. पालकांनी विचारले की यातून मुले काय शिकली, तर त्यांना वर्गात बोलवावे आणि हा प्रश्न मुलांनाच विचारू द्यावा. मुले एकमेकांची उत्तरे खोडून काढू लागली, प्रत्येक उत्तरासाठी कथेतील प्रसंगाचा दाखला मागू लागली आणि त्या भरात पालकांचेही उत्तर तपासू लागली, म्हणजे पालकांना आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.